माधव सरांची धुरी

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून उर्वी माझ्या ताब्यात. ऋजुताची रजा संपली. ती सकाळच्या गाडीनं पेणला शाळेत गेली, अंबरीशची कंपनीत पहिली शिफ्ट. घरात मी आणि चार वर्षांची नात. बालवाडीत जायला लागल्यापासून पोरीच्या नाकाला खळ नाही. एक सर्दी जाते न जाते तोवर दुसरी दारात उभी. म्हणून काही दिवस बालवाडी बंद ठेवायची आणि तिला घरीच सांभाळायची, असं ठरलं.

निघताना सूनबाईंनी मला औषधाच्या बाटल्या समजावून सांगितल्या. कुठली कधी, किती. वर्गात नव्या पोराला समजावतात त्या सुरात. माझा उभा जन्म रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. मी म्हटलं, ठेव त्या कपाटात, मी बघतो. तिनं अंबरीशकडे बघितलं, अंबरीशनं चहाकडे.

म्हाताऱ्याला जमणार नाही असं सगळ्यांना वाटतं. अंबरीश लहान असताना त्याचं दुखणंखुपणं पद्मजा बघायची हे खरं. मी शाळेत असायचो. पण पद्मजानं या बाटल्यांना हात लावला नसता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. आता ती नाही, तर मी शिकेन.

२० नोव्हेंबर

तुळस, आलं, गवती चहा, दोन मिरे, खडीसाखर. पाणी निम्मं होईपर्यंत आटवलं. उर्वीनं पहिला घोट माझ्या सदऱ्यावर परत केला. मध घातल्यावर दुसरा घेतला. ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांधला आणि तिच्या छातीला, पाठीला शेकलं. आधी स्वतःच्या गालाला लावून बघितला. शेकताना ती माझ्या मांडीवर झोपून गेली. पाय बधीर झाला तरी मी उठलो नाही.

संध्याकाळी ऋजुतानं विचारलं, सिरप दिलं का? मी सांगितलं, गरज पडली नाही. भांडी जरा जोरात घासली गेली.

२५ नोव्हेंबर

सर्दी गेली! नाक कोरडं, भूक लागलेली, पोरगी अंगणात धावतेय. बाटली सीलबंद. मी ती मुद्दाम ओट्यावर दिसेल अशी ठेवली. अंबरीश म्हणाला, "बाबा, सर्दी तशीही आठवड्यात जातेच." यांना श्रेय द्यायचं जिवावर येतं.

शेजारच्या यज्ञेशला मात्र कौतुक. पुलाच्या तोंडाशी त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, रोह्याच्या पुलाअलीकडची आमची अख्खी अष्टमी वस्ती तिथून जाते-येते. त्यानं माझ्या काढ्याचा फोटो काढून मोबाईलवर चार लोकांना पाठवला. संध्याकाळपर्यंत दोन आया विचारायला आल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणी काहीतरी विचारायला माझ्या दारात आलं.

२ डिसेंबर

थंडी पडली आहे. परत सर्दी येऊ नये म्हणून आजपासून धुरी सुरू केली. धुपाटण्यात शेणीचे निखारे, त्यावर ओवा, लसणीची सालं, वेखंडाची पूड, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि चिमूटभर ऊद. अंबरीशचा जन्म झाला तेव्हा पद्मजाला आणि त्याला अशीच धुरी द्यायचे, तो वास मला अजून आठवतो. प्रमाण मात्र माझं. ते ठरवायला तीन दिवस लागले.

दारंखिडक्या लावल्या, ऊब बाहेर जायला नको. उर्वीला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सांगितली. कुंडलिका नदीतल्या मगरीची, जी खोटी आहे. मग एक गाणंही म्हटलं. खोलीत निळसर धूर, बाहेर अंधारून येतंय आणि मांडीवर हा गरम जीव. दिवसभरात एवढी एक घटका मला पुरते.

जरा खोकली. कफ सुटतोय.

९ डिसेंबर

यज्ञेश म्हणाला, सर, हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. त्यानं लेबलं छापली: 'माधव सरांची धुरी'. खाली बारीक अक्षरात 'बाळगोपाळांच्या सर्दीखोकल्यावर'. फुकट वाटायची, हे मी बजावलं. मला धंदा नको. दोघांनी बसून पुड्या बांधल्या. अष्टमीतली पंधरावीस घरं तरी झाली असतील.

नदीकाठच्या वाडीवरची पुतळी भाजी घेऊन येते, मला बांधावरचा अडुळसा तीच आणून देते. तिच्या कडेवर दहा महिन्यांचा गोरख, नाक वाहत होतं. तिनंच मागितली. "सर, माझ्या पोराला पण द्या की एक पुडी. रातचा झोपत नाय." मी दोन दिल्या. दार नीट लावून घे गो, हेही सांगितलं.

उर्वीला संध्याकाळी खोकल्याची उबळ येते. कोरडी. दुपारी काही नसतं. संध्याकाळची हवा थंड होते, त्यामुळे असणार. आज तिनं बाहुलीला वाटीत फुंकर मारून धुरी दिली आणि बाहुलीच्या वतीनं स्वतः खो खो खोकून दाखवलं. पोरगी नकलाकार निघणार.

१५ डिसेंबर, रविवार

भांडण झालं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी फिरवायला नको.

ऋजुतानं पेणला शाळेजवळ जागा बघितली आहे. तिचं माहेर तिथून दोन गल्ल्या. म्हणे उर्वीचा खोकला थांबत नाही, माझी ओढाताण होते, अंबरीश इथून शिफ्टला जाईल आणि सुट्टीला तिकडे येईल. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "तुम्ही पण चला ना, बाबा." असं म्हणणारे लोक मला चांगले माहीत आहेत. पाहुण्याला 'जेवून जा' म्हणतात तसं ते.

मी म्हटलं, तिला काही झालेलं नाही, तुमचा दम निघत नाही एवढंच. अंबरीशच्या आईनं त्याला घरच्या औषधावर वाढवला. यावर अंबरीश, जो कधी बोलत नाही, तो बोलला.

"आईनं मला किती वेळा डॉक्टरकडे नेलंय ते तुम्हाला माहीतच नाही, बाबा. तुम्ही शाळेत असायचात."

मी उठून अंगणात गेलो. तो माझ्यावर राग काढतोय. कंपनीत नाइट शिफ्ट लागली आहे, त्याचा असेल.

पेणला न्यायची ना? न्या. आधी तिला ठणठणीत करून दाखवतो, मग कुठल्या तोंडानं नेता ते बघू.

१८ डिसेंबर

धुरी आता दोनदा. दुपारी जेवणानंतर एकदा, तिन्हीसांजेला एकदा. वेखंड वाढवलं.

२० डिसेंबर

दुपारी धुरी झाल्यावर उर्वी उठून उभी राहिली आणि तिला श्वास घेता येईना. शिटीसारखा आवाज. दोन बरगड्यांच्या मध्ये खळगे पडत होते. ती रडत नव्हती. रडायला हवा लागते, तेवढीही तिच्याकडे नव्हती. माझा सदरा मुठीत धरून नुसती माझ्याकडे बघत होती. काढा समोर होता. ओव्याची पुरचुंडी होती. मला काय करावं ते सुचलं नाही. तिला उचललं आणि अनवाणी रस्त्यावर आलो. रिक्षा मिळाली. पूल ओलांडेपर्यंत मी तिला पुढून वारा घालत होतो, हातानं.

डॉक्टर किमया माझी विद्यार्थिनी. दहावीला तिला मीच प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. तिनं मला बाजूला सारलं, सर म्हणून सुद्धा हाक मारली नाही. उर्वीच्या तोंडाला वाफेच्या मशीनचा मास्क लावला. हळूहळू शिटी थांबली. मग पोरीला रडायला आलं, आणि त्या रडण्यानं मला बरं वाटलं.

नंतर किमयानं शांतपणे प्रश्न विचारले. श्वासनलिका आखडली होती, म्हणाली. घरात मांजर? नाही. गादीवर धूळ? नाही.

"घरात धूर होतो का, सर? उदबत्ती, चूल, काही जाळता?"

मी म्हटलं, नाही.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या सदऱ्याला उदाचा वास येत असेल, पण तो देवपूजेचाही असू शकतो. तिनं पंप लिहून दिला आणि कधी धावत यायचं ते सांगितलं: श्वास भराभर चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, पाणी-दूध घेईना झाली, तर घरी काही करत बसायचं नाही.

२१ डिसेंबर

मी खोटं बोललो नाही. कचरा जाळतात तो धूर. चुलीचा असतो तो धूर. धुरी हे औषध आहे. तिनं धुरीबद्दल विचारलंच नाही.

२७ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत उर्वी पेणला, आजोळी. ऋजुताही तिकडेच. मी काढा बाटलीत भरून बरोबर दिला. घर इतकं गप्प आहे की पंख्याचा आवाज येतो. थंडीत पंखा कशाला लावलाय, असं मीच मला विचारलं.

२९ डिसेंबर

राहवेना म्हणून पेणला जाऊन आलो. मी तिथे काय पाहिलं ते इथे नोंदवून ठेवतो. भररस्त्यावर घर. दारासमोरून ट्रक जातात. शेजारी गणपतीचा कारखाना, तिथली पांढरी भुकटी ओट्यापर्यंत आलेली. आणि उर्वीच्या हातात केळं! विहीणबाईंनी दुपारी दहीभातही घातला होता. माझ्या बाटलीचं झाकण सुद्धा उघडलेलं नाही.

मी दिवसभर कान देऊन बसलो. पोरगी एकदाही खोकली नाही.

संध्याकाळीही नाही.

परतीच्या गाडीत विचार केला. इतके दिवस मी जे केलं त्याचा गुण आता येतोय. औषध मुरायला वेळ लागतो. श्रेय मात्र पेणला जाणार.

२ जानेवारी

उर्वी आली! घर भरलं. तिन्हीसांजेला दारंखिडक्या लावल्या, निखारे फुलवले, तिला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, नाकावर दोन्ही हात.

"आबा, गोष्ट सांगा. ते नको."

मी म्हटलं, गोष्ट आणि धुरी बरोबरच असतात. मग ती आली. लहान मूल आहे, माझ्यावर जीव आहे तिचा, आली. गोष्ट अर्धीही झाली नाही आणि उबळ सुरू झाली. पंप द्यावा लागला. माझ्या हातानं दिला.

३ जानेवारी

ठीक आहे. किमयाला वाटतं धूर, ऋजुताला वाटतं रोहा. मी विज्ञानाचा माणूस आहे. वर्गात पोरांना सांगायचो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बोला. आजपासून धुरी बंद. काढा तोच, शेक तोच, खोली तीच, माणसंही तीच. पोरगी तरीही खोकणार. मग किमयासमोर जाऊन उभा राहतो आणि विचारतो, आता बोल.

६ जानेवारी

खोकला नाही. पण दोन दिवस थंडी कमी आहे, ते धरायला हवं.

९ जानेवारी

खोकला नाही. थंडी परत कडाक्याची आहे.

११ जानेवारी, शनिवार

ऋजुता उर्वीला घेऊन बाजारात गेली होती. मी खोलीत एकटा बसलो, दारं लावली आणि धुरी केली. नेहमीच्या प्रमाणात, उर्वीच्या जागी. आतापर्यंत माझं लक्ष तिच्याकडे आणि गोष्टीकडे असायचं. आज दुसरं काही नव्हतं. डोळे चुरचुरले. घशात खाज आली. मी मोठा माणूस, छाती रुंद, तरी मला खोकला आला आणि मी तो दाबला. कुणी नव्हतं, तरी दाबला. पुन्हा आला. मग मात्र दाबता आला नाही.

दार उघडलं. कोंडलेला धूर अंगणात निघून गेला.

धुरी म्हणा, ऊद म्हणा, काहीही म्हणा. धूर तो धूरच.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी ऋजुताला सांगितलं. पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, उर्वीचा दम धुरीनं लागत होता. माझ्या धुरीनं. किमयानं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो.

ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"तिच्या केसांना वास यायचा, बाबा. मला शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्ही घरात कधी गाणं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, पेणला नेऊ, म्हणजे तुम्हाला न दुखवता सुटेल. पोरीला इतकं होईल असं वाटलं नाही. माझंही चुकलं."

याचा गाण्याशी काय संबंध ते मला नीट समजलं नाही. पण ती रडत होती, म्हणून मी तवा खाली उतरवला आणि जळत असलेली चपाती उलटली.

मग पूल ओलांडून किमयाकडे गेलो. तिलाही सांगितलं. मला वाटलं होतं ती व्याख्यान देईल. तिनं एवढंच विचारलं, "पुड्या किती घरी दिल्यात, सर?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाचा डबा एका हातात, रिकामी पिशवी दुसऱ्या. दारोदार गेलो. तिळगूळ घ्या आणि पुडी परत द्या.

लोक हसले. त्यांना गंमत वाटली. मग कळलं की मी खरंच मागतोय, तेव्हा हसणं थांबलं. एकीनं सांगितलं, आमच्या बाळाला तर गुण आला. दुसरीनं विचारलं, सर, तुम्हीच सांगितलंत ना? हो, मीच सांगितलं. आणि आता मीच सांगतोय, कोंडलेल्या खोलीत मुलाला धूर देऊ नका. एका आजोबांनी मला आयुर्वेदाचा द्रोही ठरवलं. मी म्हटलं, तुळस घाला, आलं घाला, वर्षाच्या वरच्या पोराला मध चाटवा, मी काही म्हणणार नाही. जे पोटात जातं त्याबद्दल वैद्याला विचारा. जे मी दिलं ते छातीत जातं, ते मला परत द्या. त्यांनी दार लावून घेतलं. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. सून येऊन पुडी देऊन गेली, मागच्या दारानं.

यज्ञेशनं सगळ्यांत जास्त त्रास दिला. त्याच्या दुकानात अजून गठ्ठा होता.

"सर, लोक विश्वासानं मागतात. तुमचं नाव आहे त्याच्यावर."

"नाव माझं आहे म्हणूनच माझ्याकडे दे."

"एका पोरीला सोसलं नाही म्हणून सगळ्यांनाच वाईट कसं? हे विज्ञान आहे का?"

प्रश्न चांगला होता. वर्गात विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. मी म्हटलं, किती जणांच्या पोरांना दम लागला की तुझं समाधान होईल ते सांग, तोपर्यंत थांबतो. मी काउंटरच्या आत शिरलो आणि गठ्ठा उचलला. तो म्हणाला, माणसानं या वयात एका शब्दावर राहावं. राहिलो असतो, तर तो शब्द कुणाच्या तरी पोराच्या छातीत राहिला असता. पण हे मला तिथे सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय.

पिशवी नगरपालिकेच्या गाडीत टाकली. जाळली नाही.

१५ जानेवारी

पुतळी राहिली होती. तिची वाडी नदीच्या वरच्या अंगाला. चालत गेलो. झोपडीत डोळ्यांना आधी काही दिसलं नाही, एवढा धूर होता. चुलीचाही आणि माझाही. धुपाटणं नव्हतं, पत्र्याच्या डब्यात निखारे ठेवले होते. गोरख तिच्या मांडीवर. मी त्याचं झबलं वर केलं. पोट भात्यासारखं चाललं होतं. बरगड्यांखाली तेच खळगे.

"दूध पितो?"

"कालपासून नाय पीत, सर. तुमची पुडी संपली म्हणून मी निंबाचा पाला घातला."

मी म्हटलं, ऊठ. ती म्हणाली, गोरखचा बाप हिरामण कामावर गेलाय, त्याला विचारल्याबिगर कशी येऊ? मी म्हटलं, त्याला मी उत्तर देईन. शेजारची कमळी आडवी आली. सरकारी दवाखान्यात सुया टोचतात, आणि मागं एकीचा पोर गेला तो तिथंच गेला. उशिरा नेलं म्हणून गेला असेल, असं मी बोलून दाखवलं नाही. मी नुसता पोराला उचलून चालायला लागलो. पुतळी मागून धावत आली, शिव्या देत. त्या शिव्या मला लागू होत्या.

रस्त्यावर टेम्पो मिळाला. दवाखान्यात लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं, 'पोराचे आजोबा का' असं विचारलं. मी हो म्हटलं.

हिरामण संध्याकाळी आला, अंगावर वीटभट्टीची लाल माती. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. पुडी माझी, दार लावायलाही मीच सांगितलं. मारतो की काय असं वाटलं, आणि मारलं असतं तरी चाललं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"तुमची पुडी महिन्याची हाय, सर. आमची चूल जल्माची हाय. तिचा काय करायचा?"

२३ जानेवारी

गोरख घरी आला. वजन घटलंय, पण आवाज दांडगा आहे.

सकाळी अंबरीशला सुट्टी होती, त्याला घेऊन वाडीवर गेलो. कशाला, ते त्याला वाटेत सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तुमचं वय काय? मी म्हटलं, चूल हलवण्याइतकं आहे. हिरामणनं झोपडीच्या मागच्या बाजूला चार मेढी आधीच रोवल्या होत्या. बापलेकांनी मिळून वर पत्रे टाकले. पुतळीनं नवी चूल घातली, वाऱ्याची दिशा बघून तोंड फिरवलं. माझ्या मते ते तोंड थोडं उत्तरेला हवं होतं. मी सांगितलं. तिनं ऐकलं नाही. बरोबर तिचंच होतं, पेटवल्यावर धूर सरळ नदीकडे गेला.

पावसाळ्यात पुन्हा आत आणावी लागेल, असं हिरामण म्हणाला. मी म्हटलं, तोवर बाजूला कूड घालू. तो म्हणाला, बघू. म्हणजे नाही. मी जूनच्या आधी परत जाणार आहे, त्याला आवडो न आवडो.

येताना अंबरीश पुलावर थांबला. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, लहानपणी आई मला दवाखान्यात नेताना याच पुलावर शेंगदाणे घेऊन द्यायची. मला हे माहीत नव्हतं. मी शाळेत असायचो. मी त्याला म्हटलं, आणखी सांग. तो सांगत राहिला.

पेणच्या जागेचं ऋजुता काही बोलत नाही. मीही विचारलेलं नाही.

६ फेब्रुवारी

उर्वीला सर्दी झाली आहे. पोरगी पुन्हा बालवाडीत जायला लागली, तेव्हा हे होणारच होतं. नाकातून धारा, आवाज बसलेला, मिजास पहिल्यासारखीच.

सकाळपासून दारात लोकांची रीघ. अष्टमीत बातमी पसरली की माधव सरांच्या नातीला परत झालं. यज्ञेशची आई वेखंड उगाळून घेऊन आली, टाळूवर लावायला. संक्रांतीला दार लावणारे आजोबा आले, हातात कसलीशी मात्रा. एक जण म्हणाला, डॉक्टरकडे न्या, अँटिबायोटिक चालू करून टाका, जोखीम नको. या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की काहीतरी केलंच पाहिजे. एक बाई तर म्हणाली, सर, तुम्ही असे नुसते बसलात कसे?

मी दारातच खुर्ची टाकून बसलो आणि कुणाला आत सोडलं नाही. पोरीचा श्वास मी मोजला आहे. बरगड्या बघितल्या आहेत. ती जेवली आहे. पंप ओट्यावर आहे आणि लागला तर किमयाचं घर पुलापलीकडे आहे. लागलेला नाही. तिला सर्दी आहे, ती चार-आठ दिवसांत जाईल. तोवर मी बसणार. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण याइतकं अवघड एकही नव्हतं. दर घटकेला हात शिवशिवतात. स्वयंपाकघरात जातो, ओव्याचा डबा उघडतो, लावतो आणि परत येतो.

मधल्या सुट्टीत ऋजुताचा पेणहून फोन आला.

"कशी आहे? काय दिलंत, बाबा?"

"सकाळी आल्या-तुळशीचं पाणी, मध घालून. तिला आवडतं म्हणून. आणि दिवसभर रुमाल."

"आणि?"

"आणि काही नाही."

पलीकडे शाळेचा गलका ऐकू येत होता. जरा वेळानं ती म्हणाली, "बरं. मग मी नेहमीच्याच गाडीनं येते."

आता उर्वी आत चित्र काढत बसली आहे आणि मधूनमधून हाक मारते. हाक आली की मी जातो, नाक पुसतो आणि परत दारात येऊन बसतो. अंगणातल्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुमाल वाळत आहेत. रस्त्यानं जाणारे बघतात. खुशाल बघा.